काचेमागची मोकळी पट्टी

घानातल्या होहोए गावच्या बाजारामागच्या मैदानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निळ्या ताडपत्रीखालच्या खुर्च्या संपल्या, तशा बायका टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या. भेंडी विकायला आलेल्या, कसावाचे कंद विकायला आलेल्या, माल तसाच उघड्यावर टाकून आलेल्या. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका पांढऱ्या पेटीला चिकटले होते. पेटीला तोंडाच्या जागी काच होती आणि काचेत एक हिरवा तळहात उजळला होता. त्यावर आपला हात ठेवायचा, डोळे मिटायचे, की शरीरातलं सगळं गुपित काचेवर उमटायचं.

पेटीमागे लाल पायपुसण्यावर डॉक्टर प्रॉस्पर उभे होते. कुठल्या कॉलेजातले डॉक्टर, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. गळ्यात क्रूस आणि त्यावर स्टेथोस्कोप, म्हणजे दोन्हीकडची सोय झालेली.

"हॉस्पिटलवाले तुमचं रक्त का काढतात?" ते म्हणाले. "त्यांचं यंत्र आंधळं आहे, त्याला चाखून बघावं लागतं. माझं यंत्र रक्ताशी बोलतं. अर्धं जर्मनीहून आलंय, अर्धं वरून." वर म्हणताना त्यांचं बोट ताडपत्रीकडे गेलं आणि लोकांनी भक्तिभावानं ताडपत्रीकडे पाहिलं.

त्यातलं काहीच वरून आलेलं नाही, हे त्या गर्दीत एकीला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या रांगेत हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन एसिनाम बसली होती. ती पेटी तिनंच बनवली होती, राजधानी अक्रातल्या तिच्या छोट्याशा दुकानात. आत तळहातावर मावेल एवढा लिनक्सवर चालणारा संगणक, त्याला जोडलेली टचस्क्रीन, आणि लांब वायरीवर चार बटणं. बटण दाबलं की पुढचं चित्र. चर्चमध्ये आरोग्याचे धडे द्यायचेत, चित्रं मी मागून भरीन, असं प्रॉस्पर तिला म्हणाले होते. टच जोडायला आणखी दोन दिवस लागतील, असं तिनं सांगितलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते, ती वायर मोकळीच राहू दे, लोकांना नुसती काच दाबायला आवडते. टच नको तर टचस्क्रीन कशाला, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. काम मोठं होतं आणि गिऱ्हाईक गोड बोलत होतं.

आता प्रॉस्परनी तिला बोलावलं होतं ते एका दोषासाठी. बटण एकदा दाबलं तरी कधीकधी दोनदा दाबल्यासारखं होतं, चित्र एक सोडून पुढचं येतं, असं ते फोनवर म्हणाले होते. धडे कसले होते, ते तिला इथे येऊन कळलं. एकेका बटणाला एकेक रोग. पहिलं चित्र, 'साखर: धोका'. मग औषधाची बाटली विकायची. मग दुसरं चित्र, 'साखर गेली'. चौथं बटण तर रोगाचंही नव्हतं, आजीच्या शापाचं होतं.

तिचे कान तापले. उठून निघून जावं, असं तिला वाटलं. तेवढ्यात प्रॉस्परनी साक्ष द्यायला कुणाला तरी पुढे बोलावलं आणि लंगडत लंगडत तासी अब्ला पुढे आली.

तासी म्हणजे आत्या, एसिनामच्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर एसिनामला तिनंच वाढवलं, मक्याच्या पिठाचं अक्पले मळून मळून हाताला घट्टे पडेपर्यंत विकलं आणि पोरीला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. तिला दहा वर्षांचा मधुमेह होता. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि फडक्याला पिवळा डाग होता.

तासीनं लोकांना सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी तिनं काचेवर हात ठेवला, धोका दिसला आणि पातं लवायच्या आत नाहीसाही झाला. बाटलीसुद्धा घ्यावी लागली नाही. त्याच दिवशी तिनं गोळ्या संडासात टाकल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पातं लवायच्या आत काय झालं, हे तिच्याइतकं कुणालाच कळलं नसतं. स्वस्त बटण दाबलं, की आतली पत्र्याची जीभ थरथरते. माणसाला एकच टक ऐकू येतो, संगणक मात्र इतका चपळ, की त्याला ते दोनदा दाबलेलं दिसतं. म्हणून त्याला सांगून ठेवावं लागतं, की पहिल्या टकानंतर जरा थांब. एका ओळीचं काम. ती ओळ एसिनाम घाईत विसरली होती. तासीचा मधुमेह त्या एका न लिहिलेल्या ओळीनं बरा केला होता.

मध्यंतरात प्रॉस्पर तिच्या कानाशी आले. "मॅडम, लवकर. सकाळपासून सहा जण औषधाआधीच बरे झाले. असं कसं चालेल?"

ती टेबलामागे गुडघ्यांवर बसली, तेव्हा बटणांची वायर लाल पायपुसण्याखाली गेलेली तिला दिसली. तिनं लॅपटॉप जोडला. सांगायला लाज वाटते, पण तिनं ती ओळ लिहिलीसुद्धा. ओळ लिहून, पिशवी उचलून, मागच्या मागे अक्राची बस धरायची, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात तासीनं तिला पाहिलं. चार महिन्यांनी भाची दिसल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावेना. तिनं एसिनामचा हात धरून तिला उभं केलं आणि लोकांना ओरडून सांगितलं, "ही माझी भाची. मी वाढवलीय. हे यंत्र हिच्या हातून दुरुस्त होतंय, बघून घ्या."

लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. तो अभिमान एसिनामला सोसवेना.

"तासी, दुरुस्त नाही करत," ती म्हणाली. "हे मीच बनवलंय. हे काही बघत नाही."

तिनं समोर खुर्चीत बसलेल्या एका बाईच्या टोपलीतून कसावाचा एक कंद उचलला, काचेवर ठेवला आणि पायपुसण्याचा कोपरा चपलेनं दाबला. काचेवर 'साखर: धोका' उमटलं. तिनं पुन्हा दाबलं. 'साखर गेली.'

"कसावाला मधुमेह होता," एसिनाम म्हणाली. "आता बरा झाला."

कुणीतरी हसलं, पण ती हसली नाही. तिनं पेटीची पाठ उघडली आणि पुढच्या रांगेकडे फिरवली. काचेमागून वायरींच्या दोन चपट्या पट्ट्या निघत होत्या. एक चित्र दाखवायची, ती संगणकाला जोडलेली होती. दुसरी स्पर्श कळवायची, ती मोकळीच लोंबत होती. "हात ठेवा, पाय ठेवा, काही ठेवू नका, या काचेला कळतच नाही," असं सांगून तिनं पायपुसणं उचललं. खाली चार बटणं ओळीनं बसवलेली होती.

पोरीत सैतान शिरलाय, असं प्रॉस्पर म्हणायला गेले, पण काचेवर बरा झालेला कसावा अजून तसाच होता. लोक बटणांभोवती गोळा झाले, तेव्हा ते स्टेथोस्कोप खिशात कोंबत ताडपत्रीच्या मागून सटकले.

मग कसावावाल्या बाईनं शांतपणे विचारलं, "पेटी कुणी केली म्हणालीस?"

"मी."

त्यानंतर कुणी टाळी वाजवली नाही. तासीनं तिचा हात सोडला होता.

संध्याकाळच्या आत एसिनाम तिला हॉस्पिटलात घेऊन गेली. नर्सनं बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, आकडा पाहिला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तीन आठवडे आधी आला असतात तर नुसती मलमपट्टी पुरली असती, असं डॉक्टर म्हणाले.

तासी शुद्धीवर आल्यावर एसिनाम खाटेशी बसून रडली. प्रॉस्परनी आपल्याला खोटं सांगितलं, धड्यांसाठी म्हणून पेटी करून घेतली, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"तो खोटं बोलला, तो त्याचा धंदाच," तासी म्हणाली. "मला काचेच्या पुढचं दिसत होतं. तुला मागचं दिसत होतं, पोरी. तू का नाही विचारलंस?"

एसिनामला दुकानात गिळलेला तो प्रश्न आठवला.

यंत्र चमत्कार करत नाही. त्याला जे जोडलेलं असतं, तेवढंच ते बोलतं. म्हणून कुणी काच पुढे करून तुमचा रोग सांगू लागला, तर त्याला विचारा, की हे काय मोजतं, कशानं मोजतं, आणि मी हात काढून घेतला तर काय दाखवतं. उत्तर देताना तो ताडपत्रीकडे बोट दाखवू लागला, तर उठा आणि दवाखान्यात जा. गोळ्या बंद करायच्या झाल्या, तर ज्यांनी दिल्या त्यांना विचारून करा. आणि हातात हत्यारं असलेल्या माझ्या भावाबहिणींनो, लोकांनी विचारायची वाट बघू नका. पेटी बंद करण्याआधी पट्टी मोकळी का राहिली, हे आपणच विचारायचं, कारण तेव्हा ती आपल्याशिवाय कुणालाच दिसत नसते.