सोळा मात्रांचा साल्सा

दीपश्रीने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि ती तडक अप्पांकडे वळली. नाचायला जी जागा मोकळी ठेवा म्हणून बजावलं होतं, तिथे तिच्या वडिलांनी, अप्पांनी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमखाना अंथरला होता. माहेरच्या मळमड्डी भागातली सगळी ओळखीची मंडळी चपला बाहेर काढून, मांडी घालून बसलेली.

"अप्पा, हा साल्सा आहे! लोकांनी नाचायचं असतं."

"आधी ऐकू तर देत त्यांना," अप्पा शांतपणे म्हणाले. चाळीस वर्षं तबला शिकवलेला माणूस. गाणं म्हटलं की बैठक, एवढंच त्यांना ठाऊक.

त्यांच्याच घरी ख्याल शिकलेली दीपश्री नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, एका हॉटेलात सागरचा बँड ऐकला आणि तिथेच अडकली. स्पॅनिश गाणी वहीत देवनागरीत उतरवून पाठ केली. आठ वर्षं गोवा, हैदराबाद, लग्नं, हॉटेलं. मग लेक झाली, चिन्नी, आणि गेले दहा महिने ती माहेरीच होती. आज त्यानंतरचा पहिलाच कार्यक्रम. तिने मनाशी पक्कं केलं होतं: माणसं जागची उठली नाहीत, तर सागरला सांगायचं, दुसरी गायिका बघ बाबा.

दोन गाणी झाली. माना डोलल्या, "वाह!" आलं. उठलं कुणीच नाही. उलट जो तो मांडीवर आपापला ताल धरू लागला आणि सागरचा हात कोंगा ढोलांवर अडखळायला लागला.

दीपश्री गाता गाता थांबली. अप्पा बोटांवर काहीतरी मोजत होते.

"अगं, सोळाच मात्रा आहेत की! पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी. पाच टाळ्या. आधी तीन, मग दोन."

"तेच तर, अप्पा! द्याल सगळे मिळून?"

आणि सभागृहाने टाळ्या दिल्या. बेंगळुरूत दोन मिनिटांत विसकटणारा तो ठेका निवृत्त मास्तरांनी, वकिलांनी असा काही धरला की सागर हसायलाच लागला. दीपश्रीने डोळे मिटून आवाज सोडला. बाळंतपणात हरवलाय असं वाटलेला दम छातीतच होता.

दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या शेजारच्या कृष्णाबाई उठल्या. "पायाला मुंग्या आल्या गं," म्हणत पाय झटकू लागल्या, ते ठेक्यातच.

"कूड्री, बसा अक्का, काही दिसेना!" मागून एक वकील ओरडले.

"मग तुम्हीही उठा की! कोर्टात उभे राहताच ना?"

हशा झाला. वकील उठले. मग त्यांची बायको, मग अख्खी रांग. कुणाला पावलं येत नव्हती. अनवाणी, जमखान्यावर घसरत, टाळ्या न चुकवता नाचत होते.

मध्यंतरात सागर आत आला. "पुढच्या महिन्यात हैदराबाद. काय सांगू?"

दीपश्री चिन्नीला पाजत होती. "येते म्हणून सांग. चिन्नी येईल, आणि तिला सांभाळायला अप्पा."

"मी?" अप्पा दारातच थबकले. मग खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. "ती किती वाजता काय खाते, ते आधी लिहून दे."