भात जावाचं, राखण अल वक्रातून

मित्रांनो, मी बांबूचा एक जुना तुकडा आहे आणि माझ्या पोटात काहीही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दोहाच्या विमानतळावर मला तीनदा यंत्रातून फिरवून, हलवून, कानाशी धरून आत काय आहे ते विचारलं गेलं होतं. त्या दिवशी मात्र आत सुक्या मिरच्या होत्या. तपासणाऱ्या साहेबांनी माझ्या फटीला नाक लावलं आणि पुढची पाच मिनिटं ते नुसते शिंकत राहिले. शेवटी त्यांनी डोळे पुसत हातानेच आम्हाला जायची खूण केली.

माझ्या जातीला केंटोंगान म्हणतात. हातभर लांबी, दोन्ही टोकं बंद आणि अंगावर एक उभी चीर. दांडक्याने मारलं की 'टोक' असा आवाज निघतो आणि तो दोन टेकड्या ओलांडून जातो.

माझा जन्म जावा बेटावरच्या कालीपुरिंग नावाच्या डोंगरी गावात, बांबूच्या एका बेटात झाला. तुमिनी नावाच्या मुलीच्या बापाने मला तोडलं, चीर पाडली आणि चुलीवरच्या धुरात तीन महिने टांगून ठेवलं. धुराने बांबूला कीड लागत नाही. तीन महिने खोकून खोकून माझा आवाज मात्र चांगला खणखणीत झाला.

गाव चाळीस घरांचं. शेतं म्हणजे डोंगराला बांधलेल्या पायऱ्या. काही तर इतक्या अरुंद, की नांगराचा रेडा वळवायचा तर आधी त्याची समजूत काढावी लागे. पक्का रस्ता गावाच्या अलीकडे तीन किलोमीटरवर संपतो. पावसाळ्यात तिथून पुढे मोटरसायकल माणसाला आणत नाही, माणूस मोटरसायकलला आणतो. शाळा सहावीपर्यंत. सुईण डोंगरापलीकडे राहते, त्यामुळे गावातली निम्मी बाळं तिची वाट न बघताच जन्माला आली. अशा गावात निरोप पोचवायचं काम माझं. सावकाश एकेक ठोका म्हणजे कुणीतरी गेलं. दोन दोन ठोके म्हणजे पाट साफ करायला सगळ्यांनी या. भराभर ठोके म्हणजे आग.

तुमिनी सात वर्षांची असताना तिने कोंबडी हाकलण्यासाठी मला भराभर बडवलं. दहा मिनिटांत सगळं गाव बादल्या घेऊन दारात हजर. आग कुठे आहे, असं सगळे विचारू लागले. तुमिनीने कोंबडीकडे बोट दाखवलं. भरून आणलेलं पाणी परत कोण नेणार, म्हणून लोकांनी ते तिच्या आईच्या मिरचीच्या वाफ्यात ओतलं. त्या वर्षी मिरची बेसुमार आली.

पुढे गावात मोबाईल आले. पण रेंज यायची ती एकाच जागी, तुमिनीच्या आईच्या, म्हणजे सायेमच्या, शेताच्या खालच्या बांधावर. गावचे सरपंच पाक दारमो रोज दुपारी तिथे एक हात वर करून उभे राहत. लांबून बघणाऱ्याला वाटे, सायेमने दोन बुजगावणी लावली आहेत. निरोप फोनवर जाऊ लागले आणि मला कांद्याच्या टोपलीशेजारी टांगून ठेवलं. माझ्या पोटात एका पालीने संसार थाटला. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. पालीचं कुटुंब सुखात होतं, पण मित्रांनो, वाजायला जन्मलेल्याला भाडेकरूंचं सुख काय कामाचं?

तुमिनीचा बाप वारला. गावातले तरुण कारखान्यांत, शहरांत, परदेशात पांगले. तुमिनीही कतारला निघाली, तेव्हा सायेमने सुक्या मिरच्या माझ्या पोटात ठासल्या. पाल आपणहून घर सोडून गेली. अशा रीतीने मी परदेशी नोकरीला लागलो.

दोहाजवळच्या अल वक्रातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, शफीकभाई आणि जैतूनभाभी राहतात. दोघंही नोकरीवर जातात. त्यांची अकरा वर्षांची मुलगी शफा. तिला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीत येतं. आणि शफीकभाईंची आई ताहेरुन्निसा. दापोलीजवळच्या गावात पन्नास वर्षं भातशेती केलेली बाई. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मुलाने इथे आणलेली. तिच्या सोबतीला तुमिनीला ठेवलं होतं.

ताहेरुन्निसाबींना हाक मारायला शफीकभाईंनी बटणाची घंटी आणली. पण बटण दाबलं, की ती शेजारच्या गोविंदरावांच्या दारावर वाजे. गोविंदराव लातूरकडचे. विमानतळावर रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा झोपणारे. आठ दिवस ते दर तासाला लुंगी सावरत दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत होते. नवव्या दिवशी ते घंटी परत करायला आले. त्या दिवशी तुमिनीने मला खोलीतून आणलं आणि ताहेरुन्निसाबींच्या उशाशी ठेवलं. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे चहा. तीन म्हणजे हातातलं टाकून ये.

दोघींची भाषा एक नव्हती. सलाम आणि बिस्मिल्ला तेवढे सारखे, बाकी सगळं हातवाऱ्यांवर. शफाने भाषांतर करणारं एक ॲप लावून दिलं होतं, पण ताहेरुन्निसाबींची दापोलीकडची बोली ऐकून ते गोंधळून जाई. त्यांनी एकदा 'आमच्याकडं पानी धो धो पडतो' असं सांगितलं, तर ॲपने तुमिनीला कळवलं की यांच्या घरी पाणी कपडे धुतं. तुमिनीने मान डोलावली. परदेशात काय काय असतं, असं तिला वाटलं असावं. हळूहळू ती तोडकंमोडकं मराठी शिकली. ताहेरुन्निसाबी तिला 'मिनी' म्हणू लागल्या, कारण 'तुमिनी' ऐकलं की 'तू मिनी?' असा प्रश्न केल्यासारखं त्यांना वाटे. दुपारी दोघी भातावर बोलत. रोप किती दिवसांचं झालं की लावायचं, यावर त्यांचं एकदा इतकं बिनसलं, की संध्याकाळपर्यंत मला एकही ठोका पडला नाही आणि चहा झालाच नाही.

मग एक दिवस गावाहून फोन आला. सायेम बांधावरून घसरली होती. पाय मुरगळून सुजला होता, आणि तीन आठवडे चालायचं नाही असं सांगितलं होतं. भात नेमकं दुधात आलं होतं. या दिवसांत लहान चिमण्यांसारखी पाखरं थव्याने उतरतात आणि दाणे पिळून पितात. सकाळी तुमिनीची चुलतबहीण राखण करू शकत होती, पण दुपारी ती मजुरीला जाई. तीन ते साडेपाच शेत उघडं. या शेतावर सायेम वर्षभर जेवते.

तुमिनीने शफीकभाईंकडे महिन्याची रजा मागितली. शफीकभाई वाईट नाहीत, पण अडचणीत पडले. तिच्यामागे आईला कोण बघणार? जैतूनभाभी म्हणाल्या की आपण विचार करू. तुमिनीला कळलं की विचार करायला जेवढे दिवस लागतील तेवढ्यात पाखरं जेवून जातील. ती स्वयंपाकघरात तोंड फिरवून भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडीसुद्धा तिने पुन्हा घासली.

आतून माझे तीन ठोके पडले. ती धावत गेली. ताहेरुन्निसाबी पलंगावर ताठ बसल्या होत्या.

"त्या फोनात आवाज जातो ना?" त्यांनी विचारलं. "मग पाखरा मी राखते. हितनं."

शफीकभाई हसले. ताहेरुन्निसाबी हसल्या नाहीत. वयाच्या आठव्या वर्षापासून आपण शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं राखली आहेत, आणि त्या वेळी शफीकचा बापसुद्धा आपल्याला विचारल्याशिवाय शेतात शिरत नसे, एवढं त्यांनी सांगितलं. मग कुणी हसलं नाही.

शफाला शाळेची सुट्टी होती. तिने सगळी जुळणी केली. तिकडे पाक दारमोंनी बुजगावण्याच्या गळ्यात फोन अडकवला आणि लग्नात गाणी लावायचा मोठा स्पीकर त्याच्या पायाशी ठेवला. रोज त्या बांधावर येणारे तेच एक, म्हणून फोन जोडायचं कामही त्यांच्याकडेच आलं. जावातले दुपारचे तीन म्हणजे इथले सकाळचे अकरा. फोनच्या चौकोनात हिरवं-पिवळं शेत दिसलं आणि त्यावर पाखरांचा थवा. ताहेरुन्निसाबींनी मला मांडीवर घेतलं आणि दांडकं हाणलं.

मित्रांनो, मी अल वक्रात वाजलो आणि जावात पाखरं उडाली. सहा वर्षं पालीला घर देऊन बसलेल्या माझ्या जन्माचं सोनं झालं. मी पुन्हा वाजलो. पाखरं पुन्हा उडाली. तुमिनी एकाच वेळी हसत आणि रडत होती, आणि गॅस बंद करायचा राहिल्याने आत आमटी लागली होती.

दुसऱ्या दिवशी शफाने सोपा उपाय काढला. "दादी, वी कॅन जस्ट रेकॉर्ड इट," ती म्हणाली. तिने माझा आवाज भरून घेतला आणि तोच पुन्हा पुन्हा सोडला. एक दिवस चाललं. पुढच्या दिवशी पाखरं स्पीकरवरच येऊन बसली. त्यातलं एक तर ठेक्यावर मान हलवत होतं. मला फार लाज वाटली.

ताहेरुन्निसाबींनी रेकॉर्डिंग बंद करायला लावलं. पाखरू ठेका ओळखतं, त्याला पुढचा ठोका कधी येणार ते कळता कामा नये, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला कधी भराभर, कधी थांबून, कधी अगदी विसरल्यासारखं करून अचानक बडवलं. वर तोंडाचा पट्टा सोडला.

"उठ मेल्या, तुझ्या बापाचा शेत हाय काय? हात मोडतील तुझं ते!"

पाखरांना हात नसतात, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही. थवा जो उडाला तो पलीकडच्या डोंगरावर गेला.

बडवण्याने भिंतीपलीकडे गोविंदरावांची झोप मोडली. ते तावातावाने आले. ताहेरुन्निसाबींनी त्यांना फोनमधलं शेत दाखवलं. गोविंदराव फोन डोळ्यांजवळ धरून बघू लागले. मग म्हणाले, "ज्वारी हुरड्यात आली की आम्ही गोफण फिरवायचो." त्या दिवशी ते झोपायला परत गेलेच नाहीत.

आणि त्यांचा उपयोगही झाला, कारण साडेअकराच्या सुमाराला जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ होई. ताहेरुन्निसाबी आणि तुमिनी नमाजला बसल्या, की मला आणि फोनला शेजारच्या घरी पोचवलं जाई. गोविंदराव लातूरच्या भाषेत पाखरांचा उद्धार करत आणि दांडक्याने असे काही ठोके घालत, की माझी फट रुंदावत गेली. पाखरांना दोन जिल्ह्यांच्या शिव्या मिळू लागल्या.

पाचव्या दिवशी पाक दारमो स्वतःच फोनच्या चौकोनात आले. चेहरा गंभीर. सायेमच्या शेतातून उठलेली पाखरं सरळ शेजारच्या त्यांच्या शेतात उतरत होती. तुमिनीने घाबरत घाबरत तक्रार सांगितली. ताहेरुन्निसाबींनी विचार केला आणि स्पीकर मधल्या बांधावर ठेवायला सांगितला. दोन्ही शेतं राखू, पण सरपंचाने हात वर करून उभं राहणं सोडून जरा टाळ्या पिटाव्यात, अशी अट घातली. दुसऱ्या दिवसापासून सरपंच टाळ्या पिटू लागले.

सतरा दिवस हे चाललं. मधे दोन दिवस पावसाने फोन लागला नाही. तेव्हा ताहेरुन्निसाबी जेवल्या नाहीत, आणि पाखरांनी कोपऱ्यातली एक पायरी साफ केली. पण बाकी शेत वाचलं. सायेमची दरवेळी अठरा पोती होत, या वेळी सोळा झाली. दोन पोती पाखरांनी खाल्ली. सायेम म्हणाली, तीही गावचीच आहेत.

कापणीच्या दिवशी सायेम काठी टेकत बांधावर आली. दोघी म्हाताऱ्या पहिल्यांदाच फोनमधून समोरासमोर बोलल्या. ही दापोलीच्या बोलीत, ती जावाच्या. वीस मिनिटं दोघी एकाच वेळी बोलत होत्या. शफा ॲप लावायला गेली, तर ताहेरुन्निसाबींनी तिचा हात बाजूला केला. नंतर तुमिनीने विचारलं की आईचं काय काय कळलं. ताहेरुन्निसाबी म्हणाल्या, सगळं कळलं, तिचंही रोप मी सांगते तेवढ्याच दिवसांचं असतं.  या वेळी तुमिनीने वाद घातला नाही, सरळ चहा करायला गेली.

एवढं सगळं झाल्यावर माझा सन्मान व्हायलाच हवा होता, आणि तो झाला. जैतूनभाभींनी मला पुसलं, पॉलिश लावलं आणि हॉलमधल्या काचेच्या कपाटात, उंची कपांच्या शेजारी ठेवलं. पाहुणे आले की दाखवत. मित्रांनो, मी कृतघ्न नाही. पण त्या कपांत गेली चार वर्षं कुणी चहा प्यायलेलं नाही. संध्याकाळी आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो.

म्हणून जाता जाता एवढंच मागतो. जुन्या वस्तू जरूर सांभाळा. ओल लागू देऊ नका, कीड लागू देऊ नका, चीर पडली तर दोरी गुंडाळा. पण पूजा करून कोपऱ्यात बसवू नका. आम्हाला हाताळा, आपटा, बडवा. आम्ही मोडू म्हणून घाबरू नका, न वापरल्यानेच आम्ही लवकर मोडतो. आणि घरातल्या वयस्क माणसांना सारखा आराम करा, आराम करा, असंही सांगू नका.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. गेल्या आठवड्यात शफीकभाई आईला आनंदाने सांगायला आले की तिची गावी जायची तिकिटं काढतोय, चांगली महिनाभर दापोलीला राहून ये. ताहेरुन्निसाबींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सायेमची दुसरी लावणी झाली होती आणि भात दुधात यायची तारीख त्यांनी लाल पेनाने गोल केली होती.

"पुढच्या महिन्यात बघ," त्या म्हणाल्या. "ह्या महिन्यात माझी ड्यूटी हाय."

मग त्यांनी तुमिनीला कपाटाची किल्ली आणायला सांगितली.