पानांची पोती

मैथिलीने सासूबाईंना संक्रांतीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर अवंतीला एकदाही दवाखान्यात न्यावे लागले नाही, तर ती बडोद्यात राहील. न्यावे लागलेच, तर मैथिली तिला घेऊन देवरुखला माहेरी जाईल आणि तिथल्याच शाळेत घालेल. हे तिने भांडून सांगितले नव्हते. भाजी निवडता निवडता सांगितले होते, म्हणून निरुपमाबाईंना ते जास्त लागले.

अवंती त्यांची एकुलती एक नात, आठ वर्षांची. दिवाळी सरून थंडी पडली की तिचा दमा उसळायचा. उशीला टेकून बसलेली, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय, आणि तरी पोर म्हणायची, "आजी, गोष्ट थांबवू नकोस."

डॉक्टर म्हणाले होते, धुरापासून जपा. पण जपायचे कसे? हरणीतल्या त्यांच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी कडुनिंब आणि आसोपालव होते. झाडणारा रोज सकाळी पाने गोळा करी आणि कमिटीच्या हुकमाप्रमाणे तिथेच पेटवी. धूर थेट अवंतीच्या खिडकीत.

निरुपमाबाईंची हयात सयाजीगंजच्या एका शाळेत शिकवण्यात गेली होती. कितीही मठ्ठ पोर असो, धीराने सांगितले की त्याला समजते, यावर त्यांचा विश्वास होता. तोच घेऊन त्या सोसायटीच्या मीटिंगला गेल्या. जाताना पिशवीत चाळणी घेतली, आणि डब्यात रवा आणि मैदा.

"आपलं नाक म्हणजे ही चाळणी," त्यांनी सगळ्यांसमोर चाळून दाखवले. "रवा वर राहतो. मैदा खाली जातो. धुरातले बारीक कण मैद्यासारखे. केसाच्या जाडीत तीसेक कण ओळीने बसतील, इतके बारीक. ते छातीत जातात, तिथून रक्तात. तुमच्याही."

चेअरमन प्रतापसिंहराव हसले. दिलदार माणूस, पण आवाज मोठा. "बाई, तुम्ही पण ना! बापजन्मात पानांच्या धुराने कुणाला काही झालंय?"

"झालंय की. तुमच्या वडलांना शेवटी धाप कशाने लागायची, विचारलंत कधी?"

"ते बिडीने!"

"बिडीतही पानच असतं, प्रतापसिंहराव."

सगळे हसले. समोरच्या जागृतीबेन म्हणाल्या, "पण निरुपमाबेन, कंपनीओनो धुमाडो? एनुं शुं? आपली चार पानं काय बिघडवणार?"

"कंपन्यांपर्यंत माझा हात पोचत नाही. मागच्या भिंतीपर्यंत पोचतो."

शेवटी प्रतापसिंहरावांनी हात वर केले. "जाऊ द्या. आपल्या अवंतीसाठी एवढं करू. पानं जाळायची नाहीत. खड्डा खणा, खत करा, काय ते करा."

त्या रात्री निरुपमाबाईंना शांत झोप लागली. 'आपल्या अवंतीसाठी' हे शब्द त्यांना गोड वाटले होते. त्यांत काय चुकते आहे, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले नाही.

खड्डा खणला गेला. संध्याकाळी सोसायटीतली पोरे पाने गोळा करू लागली. सगळ्यांत पुढे आनंदी, प्रतापसिंहरावांची नात, अवंतीची जिवाची मैत्रीण. अवंती ओढणी नाकावर बांधून कट्ट्यावर बसे आणि मुकादमासारखी हुकूम सोडी. खड्डा लवकरच भरला. पाने कुजायला वेळ लागतो, म्हणून जादा पाने पोत्यांत भरून भिंतीशी रचली. बाई पोरांना ओल्या पानांतले गांडूळ दाखवत, माती कशी होते ते सांगत.

एकदा अवंतीने विचारले, "आजी, माझी चाळणी फाटकी आहे का गं?"

"नाही गं बाळा. हे पीठ सगळ्यांच्याच चाळणीतून जातं. तुझ्या नळ्या तेवढ्या लवकर रागावतात."

डिसेंबर पार पडला. हवा काही स्वच्छ झाली नव्हती. सकाळी विमानतळाकडचे दिवे धुरकट दिसत आणि फोनमधला हवेचा आकडा लालच असे. पण खिडकीखालचा धूर गेला होता आणि अवंती रात्री झोपत होती. मैथिलीने माहेरच्या फोनवर शाळेचा विषय काढणे सोडले. बाईंनी तीळ भाजायला घेतले.

संक्रांत म्हणजे बडोद्यात उत्तरायण. सारे शहर गच्चीवर. अवंतीचे बाबा केयूर पतंग उडवत होते, ती फिरकी धरून उभी होती. "काप्यो छे!" ओरडून तिचा आवाज बसला होता, पण श्वास मोकळा होता. बाई तिळगुळाचा डबा घेऊन जिना चढत होत्या. मनात म्हणत होत्या, आजचा दिवस संपला की झाले.

चार वाजून गेले होते, वारा पडला होता. पतंग खाली येऊ लागले. आणि गच्चीच्या दारातच बाईंना खोकला ऐकू आला. तो त्यांनी लगेच ओळखला. नंतर वास आला.

त्यांनी कठड्यावरून खाली पाहिले. मागच्या भिंतीशी मोठी आग होती. मातीची मडकी उलटी घालून, वर पाने आणि गोवऱ्या रचून पेटवली होती. भोवती खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. धूर वर जात नव्हता. थंड हवेत झाकण घातल्यासारखा गच्चीच्या उंचीवर पसरत होता.

पाठीमागून प्रतापसिंहरावांचा आवाज आला. हातात ताट, वाफाळते कंद, पापडी, बटाटे. "बाई, पहिलं मडकं उघडलं ते तुमच्यासाठी आणलंय! उंबाडियुं केलंय, सगळ्या सोसायटीला पुरेल एवढं. आणि काय पानं साठवलीत तुमच्या पोरांनी! कडकडीत वाळलेली. एका काडीत पेटली!"

त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. त्यात खोट नव्हती. बाईंना वाटले, खोट असती तर बरे झाले असते. रागावता तरी आले असते.

अवंतीच्या हातातून फिरकी सुटली. केयूरने तिला उचलले.

दवाखान्यात तोंडाला वाफेचा मास्क लावून, ऑक्सिजन देऊन, पहाटेपर्यंत तिचा श्वास ताळ्यावर आला. घरी आल्यावर मैथिलीने माळ्यावरची बॅग काढली, तेव्हा बाईच पुढे होऊन कपड्यांच्या घड्या घालू लागल्या.

"आई, तुम्हीही चला ना," मैथिली म्हणाली.

"केयूरला डबा कोण देईल?" बाई म्हणाल्या. कारण ते नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होते. मुदतीत हरलेल्या माणसाने सुनेच्या माहेरी पाहुणा म्हणून जाऊ नये, असे काहीसे त्यांच्या मनात होते.

स्टेशनवर अवंतीने विचारले, "आजी, खड्ड्यातली माती कधी तयार होईल?"

"पावसाळ्यात."

"मग मला फोटो पाठव."

स्टेशनला निघण्याआधी प्रतापसिंहराव दारात येऊन हात जोडून उभे राहिले होते. डोळे ओले होते. "बाई, लक्षातच आलं नाही हो. सणाच्या नादात." बाईंनी त्यांना पाणी दिले.

त्यानंतर एके सकाळी खिडकीत पुन्हा तोच वास आला. बाई चपला घालून खाली गेल्या. झाडणारा ढिगाऱ्यात काठी फिरवत होता आणि जागृतीबेन तुळशीला पाणी घालत होत्या.

"जागृतीबेन, पानं जाळायची नाहीत असं ठरलं होतं ना?"

जागृतीबेन जवळ आल्या, त्यांनी मायेने बाईंच्या दंडावर हात ठेवला. "ते अवंतीसाठी होतं ना, बेन. आता ती बिचारी गेली. आता कुणाला त्रास?"

बोलून त्या खोकल्या. पदराने तोंड पुसले आणि पुन्हा पाणी घालू लागल्या.

निरुपमाबाई उभ्याच राहिल्या. चाळणी, रवा, मैदा, तो हशा, सगळे त्यांना आठवले. वर्ग मन लावून ऐकतोय असे वाटावे आणि परीक्षेत सगळ्यांच्या पाट्या कोऱ्या निघाव्यात, तसे त्यांना झाले. पुन्हा पहिल्यापासून समजावायचे सोडून त्या जिन्याकडे वळल्या. असे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा झाले.

संध्याकाळी दार वाजले. आनंदी एक पोते ओढत आली होती.

"आजी, हे मी आबांना दिलं नव्हतं. पार्किंगमध्ये लपवलं होतं. अवंती आली की खड्ड्यात टाकू. कधी येणार ती?"

"हवा बरी झाली की."

"कधी होणार?"

मुलांना खोटे सांगायचे नाही, हा बाईंचा नेम होता. भिंतीपलीकडे, पुढच्या सोसायटीतही कुणीतरी काहीतरी पेटवले होते. त्यांनी पोते आत घेतले, अवंतीच्या पलंगाशी टेकवून ठेवले आणि खिडकी लावली.

आनंदी उंबऱ्यात उत्तराची वाट पाहत उभी होती.