शिकवलेलं रडणं

पुसदच्या शाळेत नववीत बसलेली बसंती ही आर्णीजवळच्या तिच्या तांड्यातली सातवीच्या पुढं गेलेली पहिली मुलगी. ती पुसदला मामाकडं राहून शिकायची. तिच्या बापाला, भीमसिंगला, दोन मुली होत्या आणि शिकायला पाठवायची तर एकीलाच पाठवणं जमणार होतं. घरी बैल, शेत, लांबून आणायचं पाणी. तेव्हा दीड वर्षानं धाकटी असलेली जमनीच म्हणाली होती की बाईला जाऊ द्या, मला घरचं जमतं. थोरल्या बहिणीला ती बाई म्हणायची. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. बसंतीनं त्यावर फारसा विचार केला नाही. तिला जायचंच होतं.

शाळेत मराठी शिकवायला धर्मपाल सर होते. ही मुलगी मधल्या सुट्टीतही धडे वाचत बसते हे पाहून ते घरून तिला कादंबऱ्या आणून द्यायला लागले. अट एकच, प्रत्येक पुस्तकावर एक पान लिहायचं. गोष्ट लिहायची नाही, तुला काय वाटलं ते लिहायचं. पुस्तकं बहुतेक मोठं होण्याची होती. एकात आई गेल्यावर पोरगा आगगाडीत बसून शहरात जातो, एकात बापाच्या चितेला अग्नी देऊन घर खांद्यावर घेतो, एकात कॉलेज शिकून परततो तर गाव त्याला ओळखत नाही. बसंती ती पुस्तकं अधाशासारखी वाचायची. त्या पोरांच्या जागी ती स्वतःला बघायची.

दिवाळीच्या सुट्टीत ती तांड्यावर आली की जमनीला ती पुस्तकं आपल्या गोरबोलीतून, बंजाऱ्यांच्या भाषेतून, सांगायची. जमनी कापूस वेचता वेचता ऐकायची. आगगाडीच्या गोष्टीत तिनं मधेच विचारलं, "त्याच्या बहिनीचं काय झालं मंग?"

बसंती म्हणाली, ते पुस्तकात दिलेलं नाही.

"मंग ते पुस्तक पुरं नाही झालं," जमनी म्हणाली आणि पुढच्या झाडाकडं सरकली.

पुसदला परतल्यावर बसंतीनं पानावर लिहिलं की मुलगा मोठा होतो तेव्हा घरी कुणीतरी मागं राहतं, आणि त्याची गोष्ट लेखक पुरी करत नाही. सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. हे जमनीचं म्हणणं आहे असं बसंतीनं सांगितलं नाही.

त्रेसष्ट सालच्या वैशाखात जमनीचं लग्न ठरलं. नवरा हरिसिंग, पुसदच्या पलीकडच्या डोंगरातल्या तांड्यावरचा. बसंती पंधरा दिवस आधीच घरी आली. रोज भाकरी झाल्यावर आई, हंसाबाई, जमनीला ढावलो शिकवायची. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. बापासाठी वेगळा, भावासाठी वेगळा, मैत्रिणींसाठी वेगळा. सूर ठरलेला, हुंदका कुठं घ्यायचा तेही ठरलेलं, शब्द मात्र नवरीचे. जमनी चुकली की हंसाबाई तिला थांबवून पुन्हा म्हणायला लावायची.

बसंतीला हे पाहवेना. तिच्या पुस्तकांतली माणसं न शिकवता रडत. तिनं रागानं एक पान लिहिलं, की ज्या रडण्याला शिकवणी लागते ते रडणं खोटं. ते वाक्य तिला इतकं आवडलं की तिनं जमनीलाही वाचून दाखवलं.

जमनीनं लग्नाच्या कांचळीवर, चोळीवर, आणखी एक आरसा टाचला. मग म्हणाली, "एरवी मी काही बोलली का बापू म्हनते, चूप राय. ढावलोत कोनी चूप राय म्हनत नाही, बाई. म्हनून शिकून राह्यली."

बसंतीनं तरीही मत बदललं नाही.

निघायच्या दिवशी सगळा तांडा जमला होता. जमनी बापाच्या गळ्यात पडली आणि कुणाशी मान वर करून न बोललेला भीमसिंग सगळ्यांसमोर रडला. मग ती बसंतीकडं आली. तिनं बहिणीसाठी शब्द स्वतः जुळवले होते. तू पुस्तकं सांगितलीस, त्यातल्या वाटांनी मी घरी बसून हिंडले, आता माझी वाट मला कोण सांगेल, असं ती सुरात म्हणू लागली. रीत अशी, की बहिणीनंही तशाच सुरात उत्तर द्यायचं. बसंती लाकडासारखी उभी राहिली. तिला सगळ्यांची नजर टोचत होती. ती जमनीच्या कानाशी हळूच म्हणाली, "पुरे कर, जमनी. लोक पाहून राह्यले."

जमनी मधेच थांबली. तिनं हात काढून घेतले आणि पुढच्या बाईच्या गळ्यात पडली. शेवटी नवरीला बैलावर उभं केलं, तिथून तिनं तांड्याचा निरोप घेतला. बसंतीकडं तिनं पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी फाल्गुनात, बसंतीची मॅट्रिकची परीक्षा तोंडावर असताना मामानं तिला शाळेतून बोलावून घेतलं. जमनी पहिल्या बाळंतपणात गेली होती. तीन दिवस अडली. डोंगरातून गाडी खाली येईस्तोवर सगळं संपलं होतं. मूलही राहिलं नाही.

बसंती आईसोबत तिथं गेली. हरिसिंग मोहाच्या झाडाखाली बसून होता. वीस वर्षांचाही नसेल. बसंतीला पाहून तो उठला आणि खाली बघत म्हणाला, "तुमच्यावालं गानं ते जात्यावर दयताना म्हने. अर्धंच हाये, बाई आली का पुरं करू म्हने."

परत आल्यावर तिनं धर्मपाल सरांना सांगितलं की वर्गात वाचलेलं ते पान तिचं नव्हतं. जमनी कोण, ते सरांनी विचारलं. ती सांगत गेली, अगदी ढावलोपर्यंत. मग सरांनी आपलं सांगितलं. छप्पन साली ते बापासोबत दीक्षेला नागपूरला गेले होते. परत आल्यावर घरातले देव त्यांनी नदीत सोडले, तेव्हा आई काठावर बसून रडली होती. "मी तिला अडाणी म्हणालो," ते म्हणाले. "दीक्षा घेतली याचं कधीच वाईट वाटलं नाही. त्या शब्दाचं वाटतं." त्या दिवशी त्यांनी तिला नवं पुस्तक दिलं नाही.

बसंती पास झाली. उन्हाळ्यात घरी आली तेव्हा तिनं एका संध्याकाळी आईला म्हटलं, "याडी, मले ढावलो शिकव."

"कोनासाठी?"

"जमनीसाठी."

हंसाबाई जातं थांबवून बसली. मग म्हणाली, "ढावलो जित्या मान्साच्या गळ्यात पडून म्हनतेत, पोरी. आयकनारा पायजे समोर." आणि तिनं पुन्हा खुंटा धरला.

जूनमध्ये बसंतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला यवतमाळला जायचं होतं. आर्णीला मोटार धरायची म्हणून भीमसिंगनं गाडी जुंपली. निघताना बसंती आईच्या गळ्यात पडली. तिला सूर आठवत होता, पंधरा दिवस तो रोज कानावर पडला होता, पण तोंड उघडल्यावर नुसता श्वास निघाला. हंसाबाई तिला धरून उभी राहिली, बराच वेळ, काहीतरी ऐकू येईल म्हणून वाट बघत असल्यासारखी. मग तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"जाय आता," ती म्हणाली. "मोटार चुकन."