दुपारचे सारथ्य

विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे हा सज्जनपणाचा सामान्य नियम होय. परंतु जो प्रश्न कोणी विचारलाच नाही, त्याचे उत्तर आपण होऊन पुढे ठेवावे की गिळून टाकावे, येथे माणसाची खरी कसोटी लागते. त्या उत्तराने आपलेच पाय बांधले जाणार असतील, तर गिळण्याकडेच मन झुकते.

चैत्रातल्या एका सकाळी भाग्यश्रीबाई अशाच काठावर उभ्या होत्या. चांदवडजवळच्या शाळेत त्या गणित शिकवीत. नऊ वर्षे नाशिकहून स्वतःची गाडी चालवीत त्यांचे जाणे-येणे होते आणि शेजारच्या आसनावर सहशिक्षिका सविताबाई असत. दोन वर्षांपूर्वी भाग्यश्रीबाईंना मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे कळले. नसांवरचे आवरण विरते आणि मेंदूने धाडलेला निरोप पायापर्यंत येताना वाटेत रेंगाळतो, असा तो आजार. गाडी चालवणे पुढे चालू ठेवावे की नाही, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना पुनर्वसन केंद्रात पाठवले होते.

तेथील तपासनीस स्नेहा यांनी सकाळी आठला आरंभ केला. नजर पाहिली, मानेचे वळणे पाहिले, दिवा लागताच पाय ब्रेकवर जायला किती वेळ लागतो तेही मोजले. मग शिकवणीच्या गाडीतून रस्त्यावर फेरी झाली. त्या गाडीला डाव्या बाजूलाही ब्रेक होता आणि तिथे गाडी शिकवणारे दत्तूमामा बसले होते.

"बाई, गाडी लोण्यासारखी चालवलीत की! आमच्या पोरांना शिकवायला या," उतरताना मामा म्हणाले.

स्नेहाने अनुकूल अहवाल लिहायला घेतला. सोबत आलेल्या सविताबाईंनी बाकावरूनच हात जोडले. "सुटले बाई! आता एसटीची वाट पाहायला नको."

भाग्यश्रीबाई मात्र उठेनात. "मॅडम, हीच परीक्षा दुपारी पुन्हा घ्याल?"

"पास झालेल्यानं पुन्हा पेपर मागितलेला मी पहिल्यांदाच पाहतेय. का हो?"

"हल्ली आमची शाळा सकाळची आहे. जाताना गारवा असतो, येताना उन्हात तापलेली गाडी." बाईंनी पदर सारखा केला. "गेल्या आठवड्यात पिंपळगावच्या टोलनाक्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरमागे वीतभर अंतरावर थांबले. पाय उचलत होते, तो उचललाच जाईना."

"मी होते की गाडीत!" सविताबाई म्हणाल्या.

"होतीस. घोरत होतीस."

"अगं, मग उठवायचंस ना!"

"उठवून काय सांगू? माझा पाय माझं ऐकत नाही म्हणून?"

स्नेहाने लेखणी खाली ठेवली. "अंग तापलं की या आजारात असं होतं. हे मीच विचारायला हवं होतं, बाई."

दुपारी, शाळा सुटल्यावर जेवढा वेळ अंगणात उभ्या राहत तेवढा वेळ भाग्यश्रीबाई उन्हात उभ्या राहिल्या. मग केंद्राच्या मागल्या मोकळ्या मैदानात फेऱ्या सुरू झाल्या. मागच्या आसनावर स्नेहा आणि सविताबाई होत्या. पाचव्या फेरीला मामा म्हणाले, "थांबवा!" गाडी जागच्या जागी थांबली. बाईंच्या छातीवरचे ओझे उतरले.

"थांबली ना वेळेत?"

मामांनी आपल्या पायाखालच्या ब्रेककडे बोट दाखवले. "थांबली, बाई. पण मी थांबवली."

बाईंनी खाली पाहिले. त्यांचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरच्या कडेवरच होता. त्या रडल्या नाहीत. चुकलेले उदाहरण सापडल्यावर फळ्याकडे पाहावे, तशा त्या पायाकडे पाहत राहिल्या.

स्नेहाने अहवाल लिहिला: सकाळच्या गारव्यात चालवावी, उन्हाच्या वेळी चालवू नये. हिवाळ्यात पुन्हा तपासणी व्हावी, कारण हा आजार एका जागी थांबत नाही.

"मग येताना?" भाग्यश्रीबाईंनी हळूच विचारले.

सविताबाईंनी पर्स उघडून एक कार्ड काढले. "बारा वर्षांपूर्वी काढलेलं लायसन्स. तेव्हापासून झोपलंय."

"तुझ्यासारखंच!"

"या उद्यापासून, महिनाभरात हात बसेल," मामा म्हणाले. "अट एकच, झोपायचं नाही."

तो महिना दोघींनी एसटीने काढला. नंतर एका दुपारी ती गाडी चांदवडहून निघाली. स्टिअरिंगवर सविताबाई होत्या आणि डाव्या आसनावर भाग्यश्रीबाई जाग्या होत्या. टोलनाका आला तेव्हा त्यांचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला आणि सविताबाईंचा ब्रेक लागताच निवांत झाला.

जाणारीला पहाटेचा गारवा लाभो, आणणारीला जागेपण लाभो. ज्यांना कधी कळलेच नाही की त्यांच्यासाठी एका बाईने आपली वाट अर्धी केली, त्या वाटेवरच्या सर्वांचे कल्याण होवो.