वाळूची रास
जैसलमेरजवळच्या वाळवंटी उद्यानात नांदेडहून सहलीला आलेले सगळे टेकडीवर धावत सुटले, पण अर्धापूरच्या विठाबाई पायथ्याशीच थबकल्या. मावळतीच्या उन्हात ती टेकडी त्यांना खळ्यातल्या ज्वारीच्या राशीसारखी दिसली, फक्त आभाळाला टेकलेली. त्यांनी चपला काढल्या.

"आज्जी, वर ये की!" नात सृष्टी बूट घालून निम्म्यात पोचली होती.

"राशीवर पाय देत असतेत व्हय गं? उतर आधी खाली!" त्या खेकसल्या.

"अगं, वाळू हाय ती!"

तेवढ्यात वारं सुटलं. कुणी सुपानं उपणावं तशी सोनेरी वाळू माथ्यावरून उडाली आणि पलीकडं लांबवर पसरत गेली. विठाबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या, "ज्याची रास हाय, त्यो अजून उपणूनच राहिलाय."