फिरते गणिताचे सर

टेकडीवरच्या शाळेला गणिताचे सर मिळाले तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. आसपासच्या पाच गावांच्या शाळांनी मिळून गट केला होता. प्रयोगशाळा, गाडी, शिक्षक, ज्याच्याकडे जे असेल ते सगळ्यांनी वापरायचं. गटाचे प्रमुख म्हणजे हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना सगळे मोठे सरच म्हणत. गणिताच्या सरांना बाईंकडे त्यांनीच पाठवलं. माणूस हुशार आहे, जरा सांभाळून घ्या, एवढंच म्हणाले. सांभाळून म्हणजे काय, हे बाईंनी विचारलं नाही.

सर खरोखर हुशार होते. ज्या मुलांवर बाईंनी पाणी सोडलं होतं, तीही फळ्याशी जाऊन अपूर्णांक सोडवू लागली. त्यांच्या तासाला वर्गात चिटपाखरूही नसावं अशी शांतता असे. बाईंना ती आवडायची.

दूधगाडीच्या ड्रायव्हरची मुलगी सहावीत होती. बाई भाषेच्या तासाला काही विचारायच्या, तेव्हा ती मान वळवून उजवा कान पुढे करी. एकदा बाईंनी मागून येऊन तिच्या डाव्या कानाशी तिला हाक मारली. ती समोरच बघत राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाढा चुकला, सरांनी कानशिलात लगावली, रक्त आलं, आणि घरी विचारलं तर पडले म्हणून सांग, असं बजावलं.

बाई तिच्या घरी गेल्या. ड्रायव्हरला सगळं ठाऊक होतं. गाडी धुता धुता, हात न थांबवता तो म्हणाला, "बाई, एक कान गेला, दुसरा आहे. सर गेले तर दुसरे आहेत का?"

गटाची बैठक मोठ्या शाळेच्या ग्रंथालयात भरली. बाईंनी विषय काढताच सगळ्यांनी चहाच्या कपात डोळे खुपसले. तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. सर एकेका शाळेत राहून आले होते, आणि प्रत्येकाने त्यांना पुढच्याच्या गळ्यात मारून हुश्श केलं होतं.

मोठ्या सरांनी शांतपणे समजावलं. तक्रार गेली तर गट मोडेल, मुलांचंच नुकसान होईल. त्यापेक्षा सर आता नदीकाठच्या शाळेत जातील. "आणि मी थकलो आता. प्रमुख तुम्हीच व्हा. तुमच्यासारखं माणूस हवंय गटाला."

नदीकाठच्या शाळेचा तरुण मुख्याध्यापक नवखा होता. तो नुकताच येऊन दाराशी बसला होता. आपल्याला गणिताचे सर मिळणार, एवढंच त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला.

बाईंना क्षणभर वाटलं, आता गप्प बसावं. प्रमुख झाल्यावर बघता येईल. मोठ्या सरांनाही पहिल्यांदा असंच वाटलं असेल. मग बाई त्या तरुणाकडे वळल्या.

"हे सर मुलांना मारतात. माझ्या शाळेतल्या मुलीचा कान फुटलाय. तुम्हाला हे कुणी सांगणार नव्हतं."

बाईंनी तक्रार केली. चौकशीत ड्रायव्हरने मुलगी पडली असंच सांगितलं. सरांची बदली झाली, लांब, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. प्रयोगशाळेचं दार बंद झालं, गाडी यायची थांबली, गट विस्कटला. ड्रायव्हरने मुलीला मोठ्या शाळेत घातलं. दाखला त्याने दारातूनच घेतला आणि तो गाडीकडे वळला.

गणिताचा तास आता बाईच घेत. सकाळी नवऱ्यासमोर उदाहरणं सोडवून बघत, तरी वर्गात अडखळत. गावातले लोक नाराज होते आणि ते लपवतही नव्हते.

एके दुपारी नदीकाठचा तरुण मुख्याध्यापक आला. आभार मानायला आला असेल, असं बाईंना वाटलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या सातवीला वर्षभर गणिताला कुणीच नव्हतं.

"तुम्ही केलंत ते बरोबरच," तो म्हणाला. "पण निदान परीक्षेपर्यंत तरी मला ते सर मिळायला हवे होते. मी लक्ष ठेवलं असतं."

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. घंटा झाली. त्या पुस्तक उचलून वर्गाकडे गेल्या, आणि तो तसाच बसून राहिला.